कोयता एक, माणसं दोन

(चौसाळा, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय कामाच्या ठिकाणी आणि रोजच्या जगण्यात बाईची आणि पुरुषाची भूमिका. असा विषय निघाला की डोळ्यांपुढं एक ठरलेलं चित्र येतं. शहरातलं ऑफिस, बढती न मिळालेली हुशार बाई, घरी आल्यावर पुन्हा तिच्याच वाट्याला आलेला स्वयंपाक. ते चित्र खोटं नाही. पण चौसाळ्यात उभं राहून तिथून सुरुवात करणं आम्हाला बरोबर वाटत नाही. धुळे-सोलापूर महामार्ग या गावावरून जातो. दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या या पट्ट्यातून भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या घेऊन माणसं निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. बीड जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं ‘कामाचं ठिकाण’ जिल्ह्याच्या बाहेर आहे, आणि ते उसाच्या फडात आहे. म्हणून आज आपण फडातूनच सुरुवात करू.

एरवी समीक्षा म्हणजे एखादं पुस्तक हातात घ्यायचं, त्यात काय आहे, काय राहिलं ते सांगायचं. आज आम्ही आधी एक शब्द घेणार आहोत आणि मग एक पुस्तक. शब्द आहे ‘कोयता’. पुस्तक आहे ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’. या दोन गोष्टी आजवर शेजारी ठेवून फारशा वाचल्या जात नाहीत, पण त्या एकमेकींना प्रश्न विचारतात असं आमचं म्हणणं आहे.

आधी शब्द. इथल्या लोकांना हे सांगायची गरज नाही, पण दूरवरच्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. ऊसतोडीत मुकादम ‘माझ्याकडं वीस कोयते आहेत’ म्हणतो तेव्हा तो वीस हत्यारं मोजत नसतो. तो वीस जोड्या मोजत असतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. कारखाना मुकादमाला पैसे देतो, मुकादम हंगामाच्या आधी कोयत्याला उचल देतो, आणि मग चार-पाच महिने ती उचल टनाटनानं फेडायची. किती टन तुटला ते कोयत्याच्या नावावर पडतं. कोयत्याचं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव.

आता कुणी म्हणेल, यात एवढं काय? वस्तूच्या नावानं माणसं मोजायची आपली जुनी रीत आहे. गावात किती उंबरा, असं आपण विचारतो. किती चुली, असं विचारतो. लग्नाला चूलबंद आवतन देतो. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. बरोबर आहे. भाषेत हे होतंच, आणि त्यात गोडवाही असतो. पण उंबरा मोजला म्हणून कुणाची मजुरी कमी होत नाही. कोयता मोजला की होते. ‘उंबरा’ या शब्दापुढं रुपयांचा आकडा नसतो, ‘कोयता’ या शब्दापुढं असतो. आणि जिथं शब्दापुढं आकडा येतो तिथं तो शब्द नुसता बोलीचा राहत नाही, तो हिशेबाचा होतो. हिशेबाचा शब्द तपासून घ्यावा लागतो.

तपासू या. एका कोयत्याचा दिवस कसा असतो? बाई पहाटे तीन-चारला उठते. पाणी, चूल, भाकरी, लेकरांचं आवरणं. मग दोघंही फडात. ऊस दोघंही तोडतात. पाचट काढणं, वाढे छाटणं, मोळी बांधणं यातलं बरंच काम बाईकडं. डोकी सेंटर असेल तर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, तेही बाई करते, पुरुषही करतो. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. परत कोपीवर आलं की पुन्हा चूल. पुरुष अंग टाकतो. तो आळशी आहे म्हणून नव्हे, त्याचंही अंग मोडलेलं असतं. पण दोघांचंही अंग सारखंच मोडलेलं असताना चूल कुणी पेटवायची, हे कुणी कुणाला विचारत नाही.

म्हणजे एका कोयत्यात खरं तर तीन कामं आहेत. पुरुषाची मजुरी, बाईची मजुरी आणि कोपीवरचं बिनपैशाचं काम. वहीत किती दिसतात? एक. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. टनाला साधारण २७४ रुपयांवरून तो ३६६ वर गेला. मजुरांच्या संघटनांनी ती वाढ भांडून घेतली आणि ती गरजेचीच होती. पण बघा, ही सगळी बोलणी टनावर होते. समजा एका जोडीनं दिवसात दोन टन ऊस तोडला. दर ३६६ धरला तर झाले ७३२ रुपये. त्यातले बाईचे किती? याचं उत्तर कोणत्याच कागदावर नाही. निम्मे म्हणायचे तर तसं कुणी लिहिलेलं नाही. कमी म्हणायचे तर तसंही लिहिलेलं नाही. प्रश्नच विचारलेला नाही.

आणि इथं कायदा येऊन थांबतो. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला. सारख्या कामाला बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी. असा कायदा वापरायचा तर काय लागतं? दोन आकडे लागतात. पुरुषाला इतके दिले, बाईला इतके दिले, हा फरक बघा. आमच्या फडात आकडा एकच आहे. मग फरक काढणार कसा? शेतात खुरपायला गेलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी रोज मिळतो, तो अन्याय निदान दिसतो, त्यावर बोट ठेवता येतं. कोयत्यातला अन्याय दिसतच नाही, कारण तो वजाबाकीला मिळत नाही. आमच्या आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. तुलना करायची तर दोन रकाने लागतात. जिथं रकाना एकच ठेवलेला असतो तिथं ‘आमच्याकडं भेदभाव नाही’ असं म्हणायला फार सोपं जातं.

आता याची दुसरी बाजूही ऐकून घेऊ. ती न ऐकता टीका करणं बरं नाही.

बरेच जण म्हणतात, ‘घर एक, चूल एक, कर्ज एक. मग मजुरी दोन कशाला? नवरा-बायकोत हिशेब घालता का?’ या म्हणण्यात तथ्य आहे. परक्या मुलखात, उघड्या रानात, जोडीनं राहण्यात बाईलाही आधार वाटतो. काम खरोखर मिळूनच होतं, एकानं तोडलं आणि दुसऱ्यानं बांधलं तर कोणता टन कुणाचा हे सांगता येत नाही. आणि पुरुषही काही मालक नसतो. उचल त्याच्या नावावर असते म्हणून मुकादमाची शिवी त्याला बसते, पैसे फिटले नाहीत तर त्यालाच धरून नेतात. ‘कर्ता पुरुष’ ही पदवी त्याला फार महाग पडते. हे सगळं आम्ही मान्य करतो.

पण मग एक साधा प्रश्न. तो पुरुष मेला तर? आजारानं, अपघातानं, कशानंही. तेव्हा उचल बुडाली असं मुकादम म्हणतो का? नाही. ती फेडायला बाई उभी केली जाते, दीर उभा केला जातो, कधी पोरगं उभं केलं जातं. म्हणजे पैसे घेताना कोयता म्हणजे नवरा, आणि पैसे फेडताना कोयता म्हणजे बायकोसुद्धा. घर एकच आहे हे घेताना आठवत नाही, देताना बरोबर आठवतं. ‘घर एक’ हे तत्त्व असतं तर ते दोन्ही वेळेला लागू झालं असतं.

दुसरा प्रश्न. घर एक म्हणता, मग ज्या बाईला घर नाही तिचं काय? विधवा, टाकलेली, न लग्न झालेली. तिच्याकडं दोन हात आहेत, कोयता चालवायची अक्कल आहे, तरी ती ‘अर्धी’ आहे. तिला भाऊ शोधावा लागतो, दीर शोधावा लागतो, कुणाच्या तरी टोळीत कमी उचलीवर जावं लागतं. कामासाठी नवरा ही अट कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते, पण इथं ती मोजमापातच बसवलेली आहे.

हे पुढं लग्नापर्यंत जातं. पोराचं लग्न झालं की अर्धा कोयता पुरा होतो, उचल वाढते. पोरीचं लग्न लवकर झालं की मागं गावात तिला कुणाच्या भरवशावर ठेवायचं ही काळजी मिटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४३.७ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. राज्याचा आकडा याच्या निम्मा, २१.९ टक्के. याला एकटा ऊस कारण नाही, दुष्काळ आहे, हुंडा आहे, शाळा लांब आहे. पण जिथं लग्न हीच कामाची पात्रता ठरते तिथं नुसतं ‘बालविवाह करू नका’ असं भिंतीवर लिहून भागत नाही. आणि २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात ८९४. जिचा रकानाच नाही ती जन्माला आली काय आणि न आली काय, असा हिशेब आपण सगळ्यांनी मिळून करून ठेवला होता.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, शरीराची. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या बातम्या देशभर गेल्या. विधान परिषदेत सरकारनं सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे साधारण सहा जणींमागं एक. आणि यातल्या कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या.

तेव्हा त्यावर दोन प्रकारचं बोललं गेलं. काहींनी सगळा दोष डॉक्टरांवर टाकला. काहींनी बायकांच्या अडाणीपणावर टाकला. पैशासाठी गरज नसताना पोट फाडणारा डॉक्टर दोषी आहेच, त्यात वाद नाही. पण बाईला अडाणी म्हणणाऱ्यांनी कोयत्याचा हिशेब नीट वाचलेला नाही. फडात एक दिवस दांडी पडली की त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याला दंड असतो. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. आता बघा. बाईची मजुरी वेगळी मोजली जात नाही, पण बाईचा खाडा मात्र बरोबर मोजला जातो. ती नसेल तर कोयता अर्धा होतो, दिवस बुडतो, दंड बसतो. ती असेल तर तिचं वेगळं काही नाही. मग पाळीचे चार दिवस, अंगावरून जाणं, फडात न्हाणीघर नाही, पाणी नाही, डोक्यावर मोळी, आणि समोर कुणीतरी पांढऱ्या कोटातला माणूस सांगतो की पिशवी काढली की कटकट गेली. त्या बाईनं जो निर्णय घेतला तो तिच्यापुढच्या हिशेबात बसणारा होता. चूक तिच्या डोक्यात नव्हती, हिशेबात होती. आणि शस्त्रक्रियेला पैसे लागले म्हणून पुढच्या वर्षीची उचल अजून मोठी. तीही नवऱ्याच्या नावावर.

आता पुस्तकाकडं येऊ.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे, सत्यशोधक विचारांचं घर. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढं अपिलात कमी झाली. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून एकूणच बायकांच्या वागणुकीवर तोंडसुख घेतलं गेलं, त्यात पुण्याचं ‘पुणेवैभव’ पुढं होतं. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून हा निबंध लिहिला. १८८२ मध्ये पुण्यात तो छापून निघाला. स्वकीयांनीच त्यावर इतकी टीका केली की जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. मग पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं. मधली ९३ वर्षं ते कुणाच्या वाचनात नव्हतं म्हटलं तरी चालेल.

या पुस्तकाचं कौतुक पुष्कळ होतं, आणि ते बहुतेक वेळा त्याच्या रागाचं होतं. केवढं धाडस, केवढी धार, असं. आम्हाला राग महत्त्वाचा वाटतोच, पण त्याहून महत्त्वाची वाटते ती रीत, जी शीर्षकातच आहे. तुलना. बायका अमुक आहेत, तमुक आहेत, असे जे आरोप होते ते ताराबाई एकेक करून घेतात आणि विचारतात, हे पुरुषांत नाही का? बाईच्या साहसाला, कपटाला, मोहाला तुम्ही जे माप लावता तेच माप स्वतःला लावून बघा. बायका देवी आहेत असं त्या म्हणत नाहीत. माप एक ठेवा आणि रकाने दोन करा, एवढंच त्या मागतात. आणि तेवढंच त्या काळाला सोसलं नाही.

पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ताराबाईंची लढाई मुख्यतः बदनामीशी आहे, विधवेच्या हालांशी आहे, शास्त्रं कुणी लिहिली या प्रश्नाशी आहे. चांगली बायको आणि चांगला नवरा ही घडी त्या पूर्ण मोडत नाहीत, उलट नवरा चांगला असता तर बायकोही निभावून नेईल असा सूर त्यांच्यात आहे. मजुरीची तुलना त्या जवळपास करतच नाहीत. रानात राबणाऱ्या बाईचा रोज किती, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या मध्यभागी नाही. यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आपण त्यांचं नाव घेऊन कार्यक्रम करतो तेव्हा त्यांची रीत पुढं न्यायची जबाबदारी आपली आहे. त्यांनी स्वभावाची तुलना केली. हिशेबाची तुलना करणं आपल्याकडं उरलं आहे.

ती करायला घेतली की एकट्या फडावर थांबता येत नाही. गावात या. अंगणवाडी १९७५ पासून आहे. तिथं काम करणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? सेविका. तिच्या जोडीदारीण बाईला? मदतनीस. आणि त्यांना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आशा ताई तर ‘स्वयंसेविका’. बाळंतीण दवाखान्यात न्यायची, गोळ्या वाटायच्या, घरोघरी फिरून नोंदी ठेवायच्या, करोनात दारोदार जाऊन तापाची माणसं शोधायची, हे सगळं करून ती आपणहून सेवा करणारी. पगार हा हक्काचा शब्द आहे, त्याच्यामागं महागाई भत्ता येतो, रजा येते, निवृत्ती येते. मानधन हा मान देण्याचा शब्द आहे, आणि मान किती द्यायचा ते देणारा ठरवतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अंगणवाडीतल्या बायकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. जे काम घरात बाई फुकट करते त्याच्यासारखं काम तिनं सरकारी कागदावर केलं, की त्याला सेवेचं नाव मिळतं. हा योगायोग नाही.

घरात या. ‘तुमच्या मंडळी काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असतात.’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. जनगणनेतही निव्वळ घरकाम करणारी बाई ‘काम न करणारी’ या गटात जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपैशाचं काम दिवसभरात केलं असं सांगणाऱ्या बायका ८१.२ टक्के होत्या, पुरुष २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यात बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. पाच तासांचं काम करून ती ‘घरीच’. आणि पुरुषानं भाजी चिरली की आपण म्हणतो, त्यानं बायकोला ‘मदत’ केली. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. स्वतःच्या घरच्या कामात माणूस मदत करत नाही, काम करतो. शेतात मात्र उलटं. पेरणीपासून काढणीपर्यंत बाई राबते, तरी ती नवऱ्याला शेतीत ‘मदत’ करते. सातबारा त्याचा, म्हणून काम त्याचं. असा हा शब्द दोन्ही बाजूंनी बाईच्याच विरोधात चालतो.

वेगळं नाव लिहिता येतच नाही, असं मात्र नाही. महाराष्ट्रानंच ते लिहून दाखवलंय. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. दुष्काळानं पोळलेल्या मराठवाड्याला तो चांगला आठवतो. बांधावर, तलावावर, खडी फोडायला बायका हजारोंनी गेल्या आणि हजेरीपटावर त्यांची नावं आली. दगड फोडायचा दर बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा नव्हता. काम तिथंही हालाचंच होतं, पण नाव होतं. पुढं २००५ च्या केंद्रीय कायद्यात शंभर दिवस मात्र माणसाला न देता कुटुंबाला दिले. म्हणजे एक पाऊल पुढं आणि अर्धं मागं.

शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन घेतलं. त्यानंतर शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम दिला, नवऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती केली, देशात ती व्हायला २००५ उजाडलं. २०२४ पासून सरकारी कागदांवर नव्या पिढीच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं. हे सगळे नावाचे बदल आहेत. नुसत्या नावानं काय होतं, असं म्हणणाऱ्यांना आम्ही विचारू, मग नुसतं नाव लावायला इतकी वर्षं का लागली?

आणि ताजं उदाहरण ‘लाडकी बहीण’. २०२४ पासून महिन्याला पंधराशे रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात. त्यावरच्या राजकारणात आम्हाला जायचं नाही. पण कितीतरी बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात नियमानं येणारा पैसा बघितला, हे खरं आहे, आणि त्याचा त्यांना झालेला आनंदही खरा आहे. आमची टीका नावावर आहे. राज्य तिला पैसे देतं ते बहीण म्हणून. ती बहीण होऊ शकते, बायको होऊ शकते, आई होऊ शकते, सेविका होऊ शकते. पंधराशे रुपयांसाठी तिचं खातं उघडता आलं, आधार जोडता आला, नाव छापता आलं. मग तिनं बांधलेल्या मोळ्यांची मजुरी त्याच खात्यात टाकायला कोणती अडचण आहे? अडचण यंत्रणेची नाही, हे त्या योजनेनंच सिद्ध केलं. कामगार म्हणून तिचं नाव लिहायची आपली तयारी नाही, अडचण ती आहे.

कुणी म्हणेल, बीड जिल्ह्यानं तर बायकांना मोठं केलं. खरं आहे. केशरबाई क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीनदा इथून लोकसभेत गेल्या. रजनी पाटील गेल्या, प्रीतम मुंडे गेल्या. फार कमी जिल्ह्यांना असं सांगता येतं. पण व्यासपीठावर बाई आली म्हणून वहीत बाई येत नाही. त्या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि दुसऱ्या वाटेवर आपण फार चाललेलो नाही.

मग करायचं काय? आम्ही तीन साध्या गोष्टी मांडतो. एक, उचलीच्या करारावर दोघांची नावं, दोघांच्या सह्या किंवा अंगठे, आणि रक्कम दोघांच्या खात्यात निम्मी निम्मी. टन कुणाचा हे ठरवता येत नाही ना, मग निम्मं हेच न्यायाचं माप. दोन, जोडी ही कामाची अट नसावी. एकट्या बाईला एकट्या माणसाच्या पूर्ण मजुरीवर काम मिळावं, तिला अर्धी म्हणू नये. तीन, पाळीचा, बाळंतपणाचा, आजारपणाचा खाडा धरू नये. यातलं काहीही आकाशातून आणायचं नाही. कारखान्याकडं वही आहे, बायकांकडं खाती आहेत, सरकारकडं ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. कमी आहे ती एका रकान्याची.

याच्याविरुद्ध एक भीती नेहमी सांगितली जाते. बाईच्या खात्यात पैसे गेले तरी नवरा काढूनच घेईल. काढून घेईलही. पण आज तो काढून घेतो असं म्हणताच येत नाही, कारण आज ते पैसे तिचे कधी नव्हतेच. उद्या त्यानं काढून घेतले तर ते ‘तिचे’ काढून घेतले असं होईल. भांडायला निदान जागा मिळेल. आकडा असेल तर बाई विचारू शकते, पोरगी विचारू शकते, न्यायालय विचारू शकतं.

यंदा हंगाम सुरू होईल तेव्हा या रस्त्यानं पुन्हा गाड्या जातील. तुमच्यातले काही जण कारखान्यात कारकून आहेत, काही शिक्षक, काही ग्रामपंचायतीत, काहींच्या घरात मुकादमकी आहे, काही जण स्वतः तोडीला जातात. ज्याच्या हातात वही असेल त्यानं या वर्षी एक करून बघावं. कोयता लिहिलाय तिथं खाली दुसरी ओळ आखावी आणि तिथं बाईचं पूर्ण नाव लिहावं. शेजारी निम्मी रक्कम लिहावी. मग बेरीज करावी. बेरीज तीच येईल, कारखान्याचा एक रुपया जास्त जाणार नाही. तरीही कोण कोण आक्षेप घेतो ते बघावं, आणि का घेतो ते विचारावं. पुढच्या चर्चेला तिथून सुरुवात करता येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. मागं बसलेल्या बायकांपासून सुरुवात करू या.